आयर्लंडचं लोणी, परळचं आयोडीन आणि एक बंद अहवाल

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून लोकलमध्ये वाचा.

१९८७ सालची गोष्ट. लालबागला आमच्या चाळीच्या तोंडाशी आरेचं दूध केंद्र होतं. पहाटे रांग लागायची आणि त्या रांगेत माणसांच्या आधी पिशव्या आणि विटा उभ्या असायच्या. प्रत्येक विटेची मालकीण ठरलेली. संप होऊन पाच वर्षं झाली होती, वडिलांची गिरणी परत सुरू झालीच नव्हती, आणि घरात दूध आणायचं की नाही हा रोजचा हिशोब होता. अशा दिवसांत एका सकाळी रांगेत बातमी फिरली : दुधात अणुबॉम्बचं विष आलंय म्हणे. रशियाचं.

आईने ऐकून घेतलं, दूध घेतलं आणि घरी येऊन ते दोनदा उकळलं. पुढचे काही महिने आमच्याकडे दूध दोनदाच उकळत असे. मी तेव्हा शाळेत होतो. विज्ञानाच्या पुस्तकात उकळल्याने जंतू मरतात असं लिहिलं होतं, त्यामुळे मलाही आईचा उपाय बरोबर वाटला. सीझियम उकळून मरत नाही हे कळायला बरीच वर्षं जावी लागली.

रांगेतली बातमी तशी अर्धीमुर्धीच होती. बॉम्ब नव्हता, वीजकेंद्र होतं. आणि चर्चा दुधाची नव्हती, लोण्याची होती. पण त्या अफवेच्या मागे एक खरा खटला होता. मुंबईच्या एका डॉक्टरने आणि त्यांच्या सोबत्यांनी तो मुंबई उच्च न्यायालयात लावला, आणि तिथून तो सर्वोच्च न्यायालयात गेला. कायद्याच्या पुस्तकांत तो आहे. दादर-परळमध्ये तो आठवणारं माणूस मात्र मला अजून भेटलेलं नाही.

थोडं मागे जाऊ. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे तेव्हाच्या सोव्हिएत संघात, आजच्या युक्रेनमध्ये, चेर्नोबिलच्या वीजकेंद्रातली चौथी अणुभट्टी फुटली. आतलं इंधन उघड्यावर जळत राहिलं आणि त्यातून निघालेला धूर वाऱ्याबरोबर युरोपभर फिरला. जिथे पाऊस पडला तिथे तो जमिनीवर उतरला. पावसातून गवतावर, गवतातून गाईच्या पोटात, गाईतून दुधात. हा प्रवास दोन-तीन दिवसांत होतो. सुमारे अडीच हजार किलोमीटरवरच्या आयर्लंडच्या कुरणांवरही त्यातलं थोडं पडलं.

त्या धुरात अनेक द्रव्यं होती, पण दुधाच्या बाबतीत दोन महत्त्वाची. एक, आयोडीन-१३१. त्याचं अर्धं आयुष्य आठ दिवसांचं, म्हणजे दर आठ दिवसांनी ते निम्मं होत जातं आणि दोन-तीन महिन्यांत जवळपास संपतं. दुसरं, सीझियम-१३७. त्याला निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. आयोडीन गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत जाऊन बसतं. मुलांची ग्रंथी लहान आणि मुलं दूध पितात जास्त. सोव्हिएत सरकारने सुरुवातीचे दिवस बातमी दाबण्यात घालवले आणि आसपासच्या खेड्यांतली मुलं तेच दूध पीत राहिली. बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या त्या भागांत, अपघाताच्या वेळी अठरा वर्षांखालच्या असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉईड कर्करोगाचे ६,००० हून जास्त रुग्ण निघाले, असं संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक वैज्ञानिक समितीने नोंदवलं आहे. यातले बहुतेक उपचारांनी बरे झाले. आणि यातला मोठा भाग टाळता आला असता. कसा? 'दूध पिऊ नका' एवढं वेळेवर सांगून.

आता इथे मला एक आडवळण घ्यायचंय, कारण हेच आयोडीन-१३१ आमच्या घरातही येऊन गेलेलं होतं.

माझी मावशी परळला राहायची. ऐंशीच्या दशकात तिचा गळा सुजला, हात थरथरायला लागले, वजन झपाट्याने उतरलं. थायरॉईड वाढलेलं. तिला पाठवलं जेरबाई वाडिया रोडवरच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये. टाटा हॉस्पिटलच्या अॅनेक्स इमारतीतलं हे केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राचं आहे, १९६३ पासूनचं. किरणोत्सारी द्रव्यांनी रोग शोधायचा आणि बरा करायचा, या विद्येची आपल्या देशातली ती पहिली मोठी शाळा. मावशीला तिथे घोटभर पाणी प्यायला दिलं. त्यात ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत बनवलेलं आयोडीन होतं. ते सरळ थायरॉईडमध्ये गेलं आणि जास्त काम करणाऱ्या पेशी त्याने जाळून टाकल्या. चेर्नोबिलच्या पोरांच्या गळ्यात जे झालं त्याचाच हा दुसरा चेहरा. फरक इतकाच की इथे मात्रा मोजलेली होती, कुणाला द्यायची ते ठरलेलं होतं आणि पिणाऱ्या बाईला आपण काय पितोय हे माहीत होतं.

तिला बजावलं होतं, काही दिवस लहान मुलांना जवळ घ्यायचं नाही, वेगळं झोपायचं. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं. वेगळं कुठे झोपणार? मावशी आठवडाभर गॅलरीत झोपली. शेजारणींनी कारण विचारलं तर म्हणायची, 'माझ्या अंगात लाईट आहे.' नंतर ती ठणठणीत झाली आणि पुढे पंचवीस वर्षं जगली.

म्हणून अणूचं नाव काढलं की ज्यांना फक्त मृत्यू दिसतो त्यांच्याशी माझं पटत नाही. आणि 'काही होत नाही हो, केळ्यातही रेडिएशन असतं' असं म्हणणाऱ्यांशी तर अजिबात पटत नाही. केळ्यात असतं, खरं आहे. आपल्या सगळ्यांच्या अंगातल्या पोटॅशियममध्येही असतं. पण ते आपण माणूस असल्यामुळे आहे, कुणी आपल्या ताटात वाढलेलं नाही.

परळचा या विषयाशी संबंध इथेच संपत नाही. उलट सुरुवात इथे आहे असंही म्हणता येईल. टाटा हॉस्पिटल उघडलं २८ फेब्रुवारी १९४१ ला. तिथल्या प्रयोगशाळेचं काम ज्यांच्याकडे आलं ते डॉ. वसंत रामजी खानोलकर. आधी बाजूच्याच केईएमच्या जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये पॅथॉलॉजी शिकवायचे. पुढे १९५२ साली परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघालं, त्याचेही ते प्रमुख झाले. या माणसाची खासियत अशी की तो रोग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचाच, पण रोगी काय करतो, काय नेसतो, काय चघळतो तेही बघायचा. कमरेला धोतर वर्षानुवर्षं घट्ट आवळल्याने तिथे होणारा कर्करोग, तंबाखू-चुन्याची गोळी ओठात धरल्याने होणारा कर्करोग, यांच्यावर त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर १९४५ साली लिहिलं. परळमध्ये बसून आपल्या माणसांच्या सवयी बघणाऱ्या डॉक्टरची ही नजर होती.

मग १९५४ साल आलं. १ मार्चला अमेरिकेने पॅसिफिकमध्ये बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि त्याची राख दूरवरच्या एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. जगभर प्रश्न उभा राहिला : ही राख माणसाचं नेमकं काय करते? नेहरूंनी चाचण्या थांबवा म्हणून आवाज उठवला आणि आपल्या शास्त्रज्ञांना सांगितलं, सामान्य माणसाला समजेल असं लिहून काढा. डॉ. दौलतसिंग कोठारींच्या पुढाकाराने १९५६ साली अणुस्फोटांच्या परिणामांवरचं एक इंग्रजी पुस्तक सरकारनेच छापलं. त्याला नेहरूंची प्रस्तावना होती आणि त्या कामात होमी भाभा आणि आपले परळचे खानोलकर होते. संयुक्त राष्ट्रांनी किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करायला १९५५ साली समिती नेमली (चेर्नोबिलचा वरचा आकडा याच समितीचा), तिच्यात भारताची बाजू मांडायलाही खानोलकर गेले.

ते पुस्तक निघालं त्याच वर्षी, ४ ऑगस्ट १९५६ ला, ट्रॉम्बेला 'अप्सरा' ही आपली पहिली अणुभट्टी चालू झाली. भाभांचा कारभार तेव्हा दक्षिण मुंबईतूनच चालायचा. पेडर रोडवरच्या 'केनिलवर्थ' बंगल्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेची मुंबईतली सुरुवात झालेली, तिथून ती गेट वेजवळच्या जुन्या यॉट क्लबमध्ये गेली. आजही अणुऊर्जा खात्याचं मुख्यालय तिथेच शेजारी आहे. बोटीची तिकिटं काढायला उभे राहता ना, तिथून मान वळवली की दिसतं. १९६२ मध्ये टाटा हॉस्पिटलही याच खात्याकडे आलं. म्हणजे अणुभट्ट्या चालवणारं खातं आणि देशातलं सगळ्यात मोठं कर्करोग रुग्णालय चालवणारं खातं एकच. मी यात काळंबेरं शोधत नाहीये. टाटा हॉस्पिटलचं आपल्यावर किती ऋण आहे ते परळच्या फुटपाथवर झोपणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना विचारा. पण ही रचना लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्याच १९६२ साली नवा अणुऊर्जा कायदा आला. त्याच्या अठराव्या कलमाने सरकारला अधिकार मिळाला की अणुकेंद्रांबद्दलची माहिती गुप्त ठरवता येईल आणि ती फोडणं गुन्हा ठरेल. सहा वर्षांत केवढा फरक बघा. दुसऱ्याच्या बॉम्बची राख आपल्या अंगावर पडत होती तेव्हा आपण पुस्तक छापून वाटलं. स्वतःची चूल पेटली तेव्हा स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

आता परत लोण्याकडे.

आपल्या शहरांतल्या दुधात परदेशी भुकटी आणि लोण्याचं तेल मिसळणं ही गोष्ट १९७० पासून चालू होती. ऑपरेशन फ्लड, म्हणजे आपण ज्याला दुधाचा महापूर म्हणतो, त्याचा पहिला टप्पा त्यावरच उभा होता. युरोपात दूध फार व्हायचं. तिथली जास्तीची भुकटी आणि चरबी भेट म्हणून इकडे यायची, मुंबई-दिल्ली-कलकत्ता-मद्रासच्या डेअऱ्यांत त्यापासून पुन्हा दूध बनायचं, आणि विक्रीच्या पैशातून गावोगावच्या सहकारी संस्था उभ्या राहायच्या. योजना हुशारीची होती, मी नावं ठेवणार नाही. पण यामुळेच आमच्या रांगेतल्या बायकांनी 'परदेशी लोणी' ऐकल्याबरोबर 'आपलं दूध' असा अर्थ काढला. अडाणीपणा नव्हता तो. आपल्या बाटलीत काय येतं हे त्यांना बरोब्बर माहीत होतं.

चेर्नोबिलनंतर युरोपने महिन्याभरात स्वतःसाठी मर्यादा ठरवली : आयात होणाऱ्या दुधात आणि लहान मुलांच्या अन्नात किलोमागे ३७० बेक्वेरेल सीझियम, बाकी अन्नात ६००. बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं, एवढंच. आशियातल्या काही देशांनी युरोपची दूधभुकटी परत पाठवली. आणि १९८७ मध्ये युरोपियन इकॉनॉमिक कम्युनिटीकडून, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या आईकडून, मदत म्हणून आलेलं आयर्लंडचं लोणी मुंबईत पोचलं. ते विकायला बाहेर काढू नका, अशी मागणी घेऊन डॉ. शिवराव शांताराम वागळे आणि इतर उच्च न्यायालयात गेले. तिथे याचिका टिकली नाही, म्हणून पुढे सर्वोच्च न्यायालयात.

मधल्या काळात, २७ ऑगस्ट १९८७ ला, आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने खाण्याच्या पदार्थांत किती किरणोत्सार चालेल याची मर्यादा ठरवली. चेर्नोबिल होऊन तोवर सोळा महिने झाले होते. सर्वोच्च न्यायालयाने तीन तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिला विचारलं की या मर्यादेच्या आतलं दूध, लोणी आणि इतर अन्न माणसाने खायला 'सुरक्षित' आणि किंवा 'निरुपद्रवी' आहे का. समिती म्हणाली, आहे. न्यायालयाने ते मत मान्य करून १९८८ मध्ये अपील निकाली काढलं. लोण्याचा मार्ग मोकळा झाला.

मी हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा चिडलो होतो. मग थोडं रसायनशास्त्र वाचलं आणि चीड जागा बदलून बसली. सीझियम पाण्यात विरघळतं, चरबीत नाही. दुधातून लोणी काढलं की बहुतेक सीझियम ताकात आणि मलईरहित दुधात राहतं, लोण्यात फार थोडं जातं. म्हणजे दुधाच्या सगळ्या पदार्थांत चिंता कमी करावी असा पदार्थ कोणता, तर लोणी आणि तूप. जास्त विचारायला हवं होतं ते भुकटीबद्दल. तेव्हा समितीचं उत्तर शास्त्राला धरून असण्याची शक्यता मला मोठी वाटते. त्या लोण्याने मुंबईत कुणाला आजार झाला असं मी म्हणत नाही, आणि कुणी म्हणत असेल तर पुरावा मागा.

मग खटला फुकट गेला का?

मला नाही वाटत. त्या प्रश्नात दोन शब्द होते ना, सुरक्षित आणि निरुपद्रवी, ते एक नाहीत. किरणोत्सर्गापासून संरक्षणाचे जगभरचे नियम ज्या गृहीतावर उभे आहेत ते असं : मात्रा जितकी कमी तितका धोका कमी, पण अमुक मात्रेखाली धोका शून्य असं धरायचं नाही. म्हणजे 'मर्यादा' ही निसर्गाने आखलेली रेघ नाही. फायद्यासाठी एवढा धोका पत्करायला हरकत नाही, असं कुणीतरी ठरवलेला तो आकडा. रस्त्यावरच्या वेगमर्यादेसारखा. पन्नासच्या खाली कुणी मरत नाही असं थोडंच आहे? आता केरळच्या किनाऱ्याचं बघा. करुनागपल्लीच्या थोरियमवाल्या वाळूवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या जवळपास ७०,००० लोकांचा दहा वर्षांवर मागोवा घेतला गेला, २००९ मध्ये निष्कर्ष आले, आणि कर्करोग वाढलेला दिसला नाही. हा मोठा आणि दिलासा देणारा अभ्यास आहे. तरीही जगाने मर्यादा उठवल्या नाहीत, कारण 'दिसला नाही' आणि 'नाहीच' यांत अंतर आहे आणि शास्त्र ते अंतर प्रामाणिकपणे पाळतं.

आकडा माणसांनी ठरवलेला असेल तर तो कुणी ठरवला, कशावरून ठरवला, हे विचारायचा हक्क ज्याच्या ताटात तो वाढला जातो त्याला आहे. डॉ. वागळे हरले. पण निदान त्यांच्या खटल्यात प्रश्न उघड विचारला गेला, मर्यादा उघड सांगितली गेली, उत्तर उघड मिळालं. पुढच्या खटल्यात तेवढंही झालं नाही.

हा दुसरा खटलाही आपल्याच भागातला. नाना चौकात, ताडदेव रोडवर मुंबई सर्वोदय मंडळाचं छोटंसं ठिकाण आहे. गांधीजींची पुस्तकं मिळतात तिथे. ग्रँट रोडला उतरून गिरगावात जाताना शेकडो वेळा समोरून गेला असाल. १९९३ ते १९९६ अणुऊर्जा नियामक मंडळाचे अध्यक्ष होते डॉ. ए. गोपालकृष्णन. ते आले तेव्हा वातावरण तापलेलं होतं. ३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशात नरोराच्या केंद्रात टर्बाइनला आग लागली, केबल जळत गेल्या आणि केंद्राची आतली वीज तासन्‌तास गेली. अणुभट्टी बंद केली तरी आतलं इंधन तापत राहतं आणि थंड करायला पंप लागतात. पंपाला वीज लागते. तिथल्या कर्मचाऱ्यांनी अंधारात धावपळ करून ती वेळ निभावली. ती नावं आपल्याला माहीत नाहीत, पण असायला हवी होती. पुढच्या वर्षी १३ मे १९९४ ला कर्नाटकात कैगाला बांधकाम चालू असताना अणुभट्टीच्या घुमटाचं काँक्रीट आतल्या बाजूने कोसळलं. इंधन अजून भरलेलं नव्हतं, हे नशीब.

गोपालकृष्णन यांच्या काळात मंडळाने १९९५ मध्ये देशातल्या अणुकेंद्रांच्या सुरक्षेचा आढावा घेतला आणि सुधारायला हव्यात अशा सुमारे १३० बाबींची यादी केली. यादी असणं वाईट नाही. उलट यादी करणारा माणूस जागेवर आहे याचा तो पुरावा. पण ती लोकांपुढे आली नाही. पीयूसीएल आणि मुंबई सर्वोदय मंडळ उच्च न्यायालयात गेले : या अहवालात काय आहे ते आम्हाला कळू द्या, आणि ते अठरावं कलम घटनेत बसतं का तेही तपासा. सरकार म्हणालं, माहिती देशाच्या सुरक्षेशी निगडित आहे. जानेवारी १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. माहितीचा हक्क आहे पण अमर्याद नाही, असा त्याचा सारांश.

एक बाजू सरकारचीही आहे, ती सांगतो. जिथून प्लुटोनियम निघतं त्या जागेचे नकाशे रस्त्यावर वाटता येत नाहीत. पण आग लागू नये म्हणून केबल वेगळ्या नेल्या का, हे सांगितल्याने कुठला शत्रू बळावतो?

आणि हा प्रश्न मुंबईपासून फार लांबचा नाही. तारापूर इथून शंभर किलोमीटर. १९६३ साली अमेरिकेशी करार झाला आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये तिथली वीज सुरू झाली. आमच्या गिरणगावातल्या चाळींत त्याच सुमारास घरोघरी ट्यूबलाइट लागत होत्या. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या, उकळत्या पाण्याच्या जातीच्या. जी वाफ इंधनाला शिवून निघते तीच थेट टर्बाइनला फिरवते. २०११ मध्ये फुकुशिमाला वितळल्या त्या याच कुळातल्या, आणि तारापूरच्या वयाने त्यांच्याहून थोरल्या. २१० मेगावॅटच्या होत्या, पुढे १६० वर उतरवल्या. नंतर तिसरी-चौथी भट्टी आली तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. समुद्राकाठची माणसं समुद्रापासून लांब गेली. वीजकेंद्राचा परिणाम म्हटलं की आपण कर्करोगच मोजतो. पण जाळं टाकायला रोज किती चालावं लागतं, हाही परिणामच आहे.

कोळशाचं काय, असं कुणीतरी विचारेलच. बरोबर आहे. कोळशाच्या धुराने रोज माणसं मरतात, गवगवा न होता. आणि धुराबद्दल आम्हा गिरणगाववाल्यांना कुणी शिकवू नये. धुराड्यांच्या काजळीखाली वाढलोय. खात्यात कापसाची धूळ गिळून वडिलांच्या पिढीच्या छात्या वाजायच्या आणि त्याचं मोजमाप करायला फारसं कुणी आलं नाही. मेगावॅटमागे मृत्यू मोजले तर अणुवीज कोळशापेक्षा कितीतरी पटींनी सौम्य ठरते, हे मला मान्य आहे. पण कोळशाची राख दिसते, वास येतो, खिडकीच्या कठड्यावर बोटाने पुसता येते. किरणोत्सार माझी आई पुसू शकत नाही. त्याच्याबाबतीत मीटर धरणाऱ्या माणसावर विश्वास ठेवण्यावाचून तिच्याकडे काही नाही.

तो मीटरवाला कोणाचा? मघाशी म्हटलं होतं रचना लक्षात ठेवा. नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झालं, आणि ते ज्या अणुऊर्जा आयोगाला बांधील होतं त्याच्या अध्यक्षपदी अणुऊर्जा खात्याचेच सचिव बसायचे. कॅगने २०१२ मध्ये यावर बोट ठेवलं. फुकुशिमानंतर वेगळं, स्वतंत्र प्राधिकरण नेमायचं विधेयक २०११ मध्ये संसदेत आलं आणि तसंच बारगळलं. कॅगच्या त्याच अहवालात एक आकडा आहे, तो आपल्या गल्लीचा आहे म्हणून सांगतो : देशातल्या वैद्यकीय एक्स-रे यंत्रांपैकी ९१ टक्के मंडळाकडे नोंदणीशिवाय चालत होती. ५७,४४३ पैकी ५२,१७३. लालबाग नाक्यापासून हिंदमातापर्यंत त्या काळी एक्स-रेच्या किती पाट्या होत्या आठवा. आपल्या छातीवर जो किरण पडतो त्याची चौकशी आपण कधी केली नाही, आणि ज्यांनी करायची त्यांनीही केली नाही.

शेवटचं, आणि ते घरचं. आमचं गाव राजापूर तालुक्यात. लालबाग-परळच्या निम्म्या खोल्यांचं गाव तिकडेच कुठेतरी आहे. माडबनला, जैतापूरच्या खाडीजवळ, १,६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या येणार असं ठरलं, ९३८ हेक्टर जमीन घेतली गेली. २८ नोव्हेंबर २०१० ला पर्यावरण मंजुरी मिळाली, पस्तीस अटींसह. पुढच्या मार्चमध्ये फुकुशिमा झालं. १८ एप्रिल २०११ ला साखरी नाटे इथे आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात एक तरुण मच्छीमार गेला.

त्या वर्षी गणपतीला गावी गेलो तेव्हा घरोघरी तोच विषय. चाकरमानी मुंबईहून मतं घेऊन गेलेले, काही 'विकास येऊ दे' वाले, काही 'हाकलून द्या' वाले. नाट्याचे एक म्हातारे मच्छीमार ओळखीचे होते. त्यांचा प्रश्न स्फोटाचा नव्हताच. असल्या केंद्रात वीज एक भाग निघाली तर जवळपास दोन भाग उष्णता बाहेर टाकावी लागते, आणि ती समुद्रात जाते. ते विचारत होते, आमच्या खाडीचं पाणी किती तापणार, कुठपर्यंत तापणार, आणि बांगडा त्यातून येईल की बाहेरून वळून जाईल? मी मुंबईचा शिकलेला, मला उत्तर देता आलं नाही. ते म्हणाले, 'आम्ही सुनावणीत विचारलं होतं. साहेब म्हणाले, मर्यादेच्या आत राहील.' मग थोडं थांबून, 'मर्यादा बांगड्याला कळवली का?'

प्रकल्पाची बोलणी अजून चालूच आहेत. मंजुरीचं पत्र आणि त्यातल्या अटी सार्वजनिक आहेत. राजापूरवाल्यांनो, एकदा स्वतः वाचा. बाहेर सोडायच्या पाण्याच्या तापमानाची अट मुद्दाम शोधा.

आणि एक विनंती. लोण्याच्या खटल्याच्या वेळची, १९८७-८८ ची मराठी वर्तमानपत्रांची कात्रणं कुणाच्या घरी, माळ्यावर, वाचनालयात असतील तर फोटो काढून मला पाठवा. इंग्रजी निकाल माझ्याकडे आहे. रांगेतल्या बायकांनी सकाळी नेमकं काय वाचलं होतं, ते मला बघायचंय.